समुद्रकाठच्या घराच्या चार अदृश्य रेषा

नगर जिल्ह्याला समुद्र नाही. अकोले तालुक्यात हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभं राहिलं की पायाखाली थेट कोकण पसरलेलं दिसतं, आणि पश्चिम किनारा तिथून हवाई अंतराने शंभरेक किलोमीटरच उरतो. पण त्याच डोंगररांगेत, रतनगडावर जन्मलेली प्रवरा जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवते, पूर्वेला धावते, प्रवरासंगमाला गोदावरीत मिसळते आणि तिचं पाणी अख्खी दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला जाऊन मिळतं.

तरीही परदेशी माणसाने आपल्या समुद्रकाठी नवं बांधकाम करायचं आणि त्यासाठी नगरच्या सुलतानाची परवानगी घ्यायची, हे पाचशे वर्षांपूर्वीच घडून गेलेलं आहे. उत्तर कोकणातलं चौल तेव्हा नगरच्या निजामशाहीचं बंदर होतं. १५२१ साली बुऱ्हाण निजामशहाने पोर्तुगिजांना चौलच्या खाडीच्या मुखाशी, म्हणजे आजच्या रेवदंड्याला, किल्ला बांधायची मुभा दिली. बदल्यात त्याला घोडे हवे होते. समुद्रमार्गे येणाऱ्या घोड्यांचा व्यापार पोर्तुगिजांच्या मुठीत होता आणि दख्खनच्या फौजांचं घोड्यांवाचून चालत नव्हतं. पुढे पन्नास वर्षांनी नगरच्याच मुर्तझा निजामशहाला ती जागा परत हवीशी वाटली. १५७०-७१ मध्ये त्याने कित्येक महिने वेढा घातला, पण जागा काही परत मिळाली नाही. रेवदंडा मराठ्यांकडे आला तो १७४० मध्ये.

याच बुऱ्हाणशहावर उपचार करणारा गार्सिया द ऑर्टा हा पोर्तुगीज वैद्य. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्याच्या आधी, १५५०च्या दशकात, पोर्तुगालच्या राजाकडून मुंबई बेट त्याला वार्षिक खंडाने मिळालं होतं आणि तिथे त्याचा वाडा होता. नगरच्या सुलतानाची नाडी पाहणाऱ्या परदेशी वैद्याचं घर मुंबईच्या किनाऱ्यावर! इतिहासातली ही जोडणी पहिल्यांदा लक्षात येते तेव्हा नकाशाच वेगळा दिसायला लागतो.

सुलतान गेले, प्रश्न मात्र राहिले. किनाऱ्यावरची जागा कोणाला मिळावी? कोणत्या जमिनीवर? कशाच्या बदल्यात? आणि पाण्यापासून किती अंतरावर? आज या चार प्रश्नांची उत्तरं चार रेषा देतात. एक माणसाची, एक जमिनीची, एक पैशाची आणि एक भरतीची. फ्लॅट बघायला जाल तेव्हा यांतली एकही डोळ्यांना दिसणार नाही. दिसेल ती गॅलरी, नारळाची झाडं, फेसाळ लाट. पण ते घर तुमचं होणार की नाही, आणि झालं तर टिकणार की नाही, हे या न दिसणाऱ्या रेषाच ठरवतात.

माणसाची रेषा

समजा, राहुरीजवळच्या एका वस्तीवर दिवाळीला सगळं घर जमलंय. थोरला दादा ऊस आणि कांदा बघतो. मधला दुबईत नोकरीला आहे, पासपोर्ट भारतीयच. धाकटी ताई न्यू जर्सीत. तिने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलंय आणि तिच्याकडे परदेशस्थ भारतीय नागरिकाचं, म्हणजे ओसीआय कार्ड आहे. तिचा नवरा जन्माने अमेरिकी, भारताशी त्याचं नातं ताईपुरतं. फराळाच्या वेळी विषय निघतो की अलिबागकडे नव्या इमारतीत समुद्राकडे तोंड असलेला एक फ्लॅट घ्यावा. मुंबईहून मांडव्याला रो-रो बोट आहे, २०२४ पासून अटल सेतूही झालाय, सगळ्यांना सोयीचं पडेल.

एका पंगतीला बसलेली ही चार माणसं. कायद्याच्या नजरेला मात्र चौघं चार प्रकारची.

हा कायदा म्हणजे फेमा, परकीय चलन व्यवस्थापन कायदा. तो १९९९ चा, लागू झाला १ जून २००० पासून, आणि स्थावर मालमत्तेबाबतचे आजचे नियम १७ ऑक्टोबर २०१९ चे. त्याची मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट ही की तो आधी ‘कुठले?’ असं विचारत नाही, ‘राहता कुठे?’ असं विचारतो. पासपोर्टचा रंग नंतर येतो.

दादा इथेच राहतो, त्यामुळे त्याला फेमाची आडकाठी नाही. मधला अनिवासी भारतीय. त्याला राहतं घर किंवा दुकानगाळा रिझर्व्ह बँकेची परवानगी न घेता विकत घेता येतो, आणि किती घ्यावेत यावर मर्यादा नाही. ताई परदेशी नागरिक असली तरी ओसीआय कार्डामुळे फ्लॅटच्या बाबतीत तिला मधल्या भावाइतकाच हक्क. जावईबापूंना एकट्याच्या नावावर घेता येणार नाही. ताईबरोबर जोडीने मात्र एक मालमत्ता घेता येईल. त्यासाठी लग्न नोंदणी केलेलं हवं आणि खरेदीच्या आधी ते सलग दोन वर्षं तरी टिकलेलं हवं. म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला हा इथे घराच्या कागदांपैकीच एक होऊन जातो.

परदेशात राहणारा, भारतीय मुळं नसलेला आणि असा जोडीदारही नसलेला माणूस आपल्याकडे फ्लॅट विकत घेऊच शकत नाही. त्याला पाच वर्षांपर्यंत भाडेपट्ट्याने राहता येतं, एवढंच. पाकिस्तान, बांगलादेश, चीन, इराण, नेपाळ, श्रीलंका अशा काही देशांच्या नागरिकांना तर इथे राहत असले तरी रिझर्व्ह बँकेची आगाऊ परवानगी लागते.

आता नगर शहराबाहेरचं अरणगाव बघा. तिथल्या मेहेराबादला मेहेरबाबांच्या समाधीसाठी जगभरातून साधक येतात. कल्पना करा की त्यांच्यातला एखादा परदेशी नागरिक कायमचा राहायच्या इराद्याने, तसा व्हिसा घेऊन आला आणि आदल्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांहून जास्त इथे राहिला. फेमाच्या हिशेबात तो भारतात ‘निवासी’ ठरू शकतो, आणि निवासी ठरला तर घर घेऊ शकतो. पर्यटक व्हिसावर आलेल्याला ही वाट नाही. राहुरीत जन्मलेला मधला भाऊ ‘अनिवासी’ आणि हजारो मैलांवरून आलेला हा माणूस ‘निवासी’. रेषा माणसाच्या जन्मगावातून जात नाही. ती त्याच्या मुक्कामातून जाते.

जमिनीची रेषा

वर सांगितलेला हक्क आहे तो घर-दुकानगाळ्यापुरता. शेतजमीन, फार्महाऊस आणि मळे हे तिन्ही अनिवासी भारतीयाला आणि ओसीआय कार्डधारकाला विकत घेता येत नाहीत. बक्षीसपत्रानेही घेता येत नाहीत.

पण वारसाने मिळू शकतात. हा बारकावा नगरच्या घरांनी नीट समजून घ्यावा असा आहे. वडिलांमागे राहुरीच्या शेतात ताईचं नाव लागेल, त्याला फेमाची हरकत नाही. मात्र बांधाला लागून असलेला शेजारचा एक गुंठाही तिला विकत घेता येणार नाही. वारसाने आलेलं शेत विकायचं तर ते भारतात राहणाऱ्यालाच विकावं लागेल, आणि महाराष्ट्राच्या कूळकायद्याप्रमाणे घेणारा सहसा शेतकरीच असावा लागेल. बाहेरून आलेल्या पैशाने घर घ्या, पण पिकाची जमीन पैशाच्या पुरात वाहून जाऊ नये, असा या नियमांचा रोख दिसतो.

कोकणात ही रेषा फार सहज ओलांडली जाते. नारळ-पोफळीची वाडी, तिच्यात एक टुमदार घर, मागे वाळू. जाहिरातीत त्याला ‘सी व्ह्यू व्हिला’ म्हणतात. सातबारा काढून बघितला तर जमीन शेतीचीच निघू शकते. दादाने ती घेतली तर चालेल, कारण तो इथेच राहणारा शेतकरी. मधल्याने किंवा ताईने तीच घेतली तर फेमाचा भंग. म्हणून नव्या इमारतीतल्या फ्लॅटचाही पहिला प्रश्न हाच, की खालची जमीन बिगरशेती झालेली आहे का आणि तसा आदेश कुठे आहे?

किनाऱ्यावरच्या सातबाऱ्यात आणखी एक जागा डोळ्यांत तेल घालून वाचावी, ती म्हणजे ‘इतर अधिकार’. तिथे कुळाचं नाव असू शकतं. या एका रकान्यामागे केवढा इतिहास आहे! अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात १९३३ मध्ये नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी खोतांची जमीन कसायला नकार दिला आणि तो संप १९३९ पर्यंत चालला. लोकांनी जंगलातून लाकूडफाटा विकून दिवस काढले, पण नांगर धरला नाही. कसणाऱ्याचा हक्क कागदावर यावा ही मागणी त्या लढ्यातून पुढे आली आणि महाराष्ट्रातल्या कूळकायद्याच्या मुळाशी तीच आहे. समुद्रकाठच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर कुळाचं नाव दिसलं तर ते कारकुनी शेपूट समजू नये. त्या माणसाचा हक्क मिटल्याशिवाय, म्हणजे कायदेशीर रीतीने निकाली निघाल्याशिवाय, वरच्या दहा मजल्यांना पाया नाही.

पैशाची रेषा

तिसरी रेषा बँकेतून जाते. परदेशातून घर घेताना पैसे बँकेमार्फतच आले पाहिजेत. एक तर परदेशातून थेट पाठवलेले, नाहीतर एनआरई, एफसीएनआर किंवा एनआरओ या अनिवासींसाठीच्या खात्यांतले. विमानातून आणलेल्या डॉलरच्या नोटा मोजून दिल्या, हे चालत नाही. ‘थोडे रोखीत द्या’ असं कोणी म्हणालं तर तो व्यवहार तिथेच थांबवावा.

हे खाते की ते खाते, हा कारकुनी प्रश्न वाटतो. तसा तो नाही. प्रत्येक रुपयाला आपण कुठून आलो याची आठवण असते आणि घर विकायच्या दिवशी ती आठवण जागी होते. समजा ताईने ८० लाख एनआरई खात्यातून भरले आणि काही वर्षांनी फ्लॅट सव्वा कोटीला विकला. मूळ भरलेल्या रकमेइतकं परकीय चलन तिला सरळ परत नेता येतं. ही सोय दोन राहत्या घरांपुरतीच आहे. वरची रक्कम एनआरओ खात्यात जाते आणि तिथून, कर भरून, एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरच्या मर्यादेत बाहेर नेता येते. म्हणून पैसे आल्याचा बँकेचा दाखला खरेदीखताइतकाच जपून ठेवायचा. पंधरा वर्षांनी तो शोधायची वेळ येते.

करांचं थोडक्यात. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी लागतो, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसलं तर १ टक्का, आणि पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर घेतलेल्या घरावर काहीच नाही. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल आणि विकणारा भारतात राहणारा असेल तर घेणाऱ्यानेच १ टक्का कर कापून सरकारकडे भरायचा असतो. मुद्रांक शुल्क ठिकाणाप्रमाणे बदलतं. नोंदणी शुल्क १ टक्का, पण ३०,००० रुपयांच्या वर नाही.

आणि सहीला यायला जमलं नाही तर कुलमुखत्यारपत्र. ते परदेशात भारतीय वकिलातीसमोर करून घेता येतं. कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरायचं असतं. दादाला मुखत्यार करताना ‘माझ्या वतीने सर्व काही’ असं मोघम लिहू नये. कोणता फ्लॅट, कोणती कामं, कुठपर्यंत अधिकार, हे स्पष्ट लिहावं. भावाभावांतलं प्रेम टिकवायलाही स्पष्ट कागदच उपयोगी पडतो.

भरतीची रेषा

आता चौथी रेषा, सगळ्यांत अद्भुत. ती माणूस काढतो, पण तिचा मजकूर चंद्र सांगतो.

किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते आणि दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. त्यामुळे रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा पन्नासेक मिनिटं उशिरा येते. कोकणात याचं सोपं गणित पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. तिथीला पाऊणाने गुणा, येईल तितक्या वाजता भरती. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास. पूर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. घड्याळ आणि पंचांग यांची ही सांगड पाण्याशी बरीच जुळते, कारण भरती रोज जेवढी मागे पडते ते अंतर पाऊण तासाच्या जवळपासच आहे.

अमावास्या आणि पूर्णिमेला चंद्र-सूर्य एका ओळीत येऊन पाण्याला ओढतात, तेव्हा उधाण येतं. अष्टमीच्या आसपास त्यांची ओढ एकमेकींच्या आड येते, तेव्हा भांगाची मवाळ भरती. उधाणाचं पाणी जमिनीवर जिथवर चढतं ती भरतीची उच्चतम रेषा. वाळूच्या टेकड्या कुठे सुरू होतात, झाडोरा कुठून लागतो, अशा खुणा वाचून ती आखतात. चेन्नईची राष्ट्रीय शाश्वत किनारा व्यवस्थापन संस्था हे काम करते. साइटवर ‘पाणी इथपर्यंत येतच नाही हो’ असं सांगणारा माणूस बहुधा त्या दुपारच्या पाण्याबद्दल बोलत असतो. रेषा मात्र उधाणाची असते.

या रेषेपासून जमिनीकडे ५०० मीटरपर्यंतचा पट्टा म्हणजे सागर किनारा नियमन क्षेत्र, लोकांच्या तोंडी ‘सीआरझेड’. पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची, दुसरी ६ जानेवारी २०११ ची आणि तिसरी १८ जानेवारी २०१९ ची. ग्रामीण किनाऱ्याचे तिसऱ्या अधिसूचनेत दोन भाग केलेत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिथे दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून जास्त माणसं आहेत, तिथे रेषेपासून ५० मीटर ना-विकास क्षेत्र. त्याहून विरळ वस्तीच्या गावांत २०० मीटर. त्यापुढच्या पट्ट्यात गावातल्या घरांना उंचीची मर्यादा ९ मीटर, म्हणजे तळमजला आणि वर एक मजला. तेव्हा छोट्या गावाच्या वाळूला लागून सात मजली इमारत उभी राहत असेल, तर समुद्र बघण्याआधी परवानग्या बघाव्यात.

ही रेषा खाडीतूनही आत शिरते. मग समुद्र कुठे संपतो आणि नदी कुठे सुरू होते? त्याचं उत्तर मिठाने दिलंय. वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात, पाणी सर्वांत कमी असताना, खाडीच्या पाण्यात हजार भागांत ५ भाग क्षार जिथवर सापडतात, तिथवर भरतीचा अंमल. म्हणजे समुद्राची हद्द उन्हाळ्यात पाण्याचा नमुना घेऊन ठरते! समुद्र दिसतही नाही अशा आतल्या खाडीकाठच्या प्लॉटला सीआरझेड कसा लागू होतो, याचं कोडं इथे सुटतं.

रेषा ओलांडली तर काय होतं, ते केरळात देशाने पाहिलं. कोचीजवळच्या मरडूत वेंबनाडच्या पाण्याकाठी चार उंच निवासी संकुलं उभी होती. ग्रामपंचायतीने बांधकाम परवाने दिले होते, लोक राहायला आले होते. किनारा नियमांचा भंग झाला म्हणून ८ मे २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पाडायचा आदेश दिला, आणि ११ व १२ जानेवारी २०२० ला स्फोटकं लावून चारही संकुलं काही सेकंदांत जमीनदोस्त केली. घर घेणाऱ्यांनी पैसे खरे भरले होते, करारही खरे होते. चूक होती ती पाण्यापासूनच्या अंतरात. म्हणून ग्रामपंचायतीचा परवाना दाखवला तर तेवढ्यावर थांबू नये. महाराष्ट्र किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची मंजुरी या जागेला लागते का, लागत असेल तर ती कुठे आहे, आणि मंजूर किनारी आराखड्यात हा सर्व्हे नंबर कोणत्या रंगात आहे, एवढं विचारून घ्यावं.

हवेतला हक्क

चार रेषा पार झाल्या की हातात काय येतं? खरं तर फ्लॅट म्हणजे जमिनीपासून वर, हवेतला एक चौकोन. वीस वर्षांपूर्वी तिथे फक्त वारा होता आणि एखादी घार फिरत होती. आज त्याच मोकळ्या जागेला क्रमांक आहे, चतुःसीमा आहेत, दस्त आहे. रिकाम्या हवेवर मालकी सिद्ध करणारी ही व्यवस्था माणसाने किती कष्टाने उभी केली असेल! महाराष्ट्रात त्यासाठी १९६३ मध्ये मालकी सदनिका कायदा झाला. पुढे केंद्राचा स्थावर संपदा नियमन कायदा, म्हणजे रेरा, २०१६ मध्ये आला आणि १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला.

रेराने नव्या बांधकामात घेणाऱ्याला दिलेलं बळ मोलाचं आहे. ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात राहतात आणि त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर व बांधकामावर खर्च करावे लागतात. करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. क्षेत्रफळ मोजायचं ते चटईक्षेत्र. त्यात आतल्या भिंती येतात, बाहेरच्या भिंती आणि गॅलरी येत नाहीत. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर विकासकाने स्वखर्चाने दुरुस्त करायचा. जाहिरातीवर महारेराचा, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड असतो. न्यू जर्सीच्या स्वयंपाकघरात बसून ताईने तो फोनने टिपला तर जमिनीच्या हक्काचा अहवाल, बांधकामाचा प्रारंभ दाखला, काम कुठवर आलंय, सगळं उघडतं. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेला किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला ही नोंदणी सक्तीची नाही. किनाऱ्यावर असे छोटे प्रकल्प पुष्कळ असतात आणि तिथे सगळी तपासणी आपल्यालाच करावी लागते.

शेवटचा परीक्षक समुद्र स्वतः. काँक्रीटमधला अल्कधर्मीपणा लोखंडी सळईभोवती डोळ्याला न दिसणारा एक पातळ थर तयार करतो आणि सळई वर्षानुवर्षं गंजत नाही. खाऱ्या वाऱ्यातला क्लोराइड काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून आत झिरपतो आणि तो थर फोडतो. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, मग आतून काँक्रीट फुगतं, तडकतं, सुटतं. समुद्रकाठच्या जुन्या इमारतींच्या छतातून डोकावणाऱ्या तांबड्या सळया आपण सगळ्यांनीच पाहिल्यात. म्हणून आयएस ४५६ हे भारतीय मानक किनाऱ्यावरच्या बांधकामाला ‘तीव्र’ गटात धरतं. किमान एम-३० दर्जाचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटर आवरण. लाटांचे तुषार थेट येत असतील तर एम-३५ आणि ५० मिलिमीटर. कोरड्या, सुरक्षित जागी हेच आवरण २० मिलिमीटर चालतं. सगळा फरक बोटभर जाडीचा, आणि इमारतीचं आयुष्य त्यावर. काम चालू असेल तेव्हा साइटवर जाऊन सळईखालचे कव्हर ब्लॉक बघावेत, टेप लावून मोजावेत. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं, तेव्हा खिडक्यांच्या चौकटी आणि छपरांचे पत्रे किती महत्त्वाचे असतात हे रायगडचा किनारा सोसून शिकलाय. गृहप्रवेशाच्या आधी तेही विचारावं.

आधी कागद, मग लाट

क्रम साधा आहे. आधी माणूस तपासा, म्हणजे कोणाच्या नावावर घेता येतं ते. मग जमीन, म्हणजे सातबारा, बिगरशेती आदेश आणि इतर अधिकार. मग भरती, म्हणजे किनारी आराखडा आणि मंजुरी. मग रेरा. आणि पैसे सगळ्यात शेवटी, तेही योग्य खात्यातून. या क्रमाने गेलं तर बुकिंगची रक्कम देण्याआधीच बहुतेक धोके समोर येतात. उलट्या क्रमाने गेलं तर ते समोर येतात घर घेतल्यावर.

हे सगळं वकिलाकडून करून घ्यावंच. पण नगरच्या घरांनी घाबरून जाण्याचं कारण नाही. ज्या घरांत सातबारा आणि आठ-अ वाचायची सवय लहानपणापासून असते, भोगवटादार वर्ग एक की दोन यावरून जेवणाच्या ताटावर चर्चा होते, फेरफार झाला की नाही म्हणून तलाठ्याकडे चकरा मारलेल्या असतात, त्या घरांना किनाऱ्यावरच्या कागदांची भाषा आधीच येते. रकाने तेच, शिक्के तेच, फक्त त्यात भरतीची एक रेषा वाढलेली. न्यू जर्सीतल्या ताईने बँक आणि पासपोर्ट सांभाळावा, दुबईतल्या भावाने महारेराचं संकेतस्थळ चाळावं, आणि रेवदंड्याच्या तलाठ्यासमोर सातबारा वाचायला राहुरीच्या दादालाच पाठवावं. त्या घरात त्याच्याइतकं ते कोणालाच वाचता येत नाही.